रस्ता वाळेपर्यंत

गेल्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्याला नगरला गेले होते. गावाचं नाव आता बदललंय, पाट्याही नव्या लागल्यात. पण तोंडात बसलेलं 'नगर' माझ्या तोंडातून काही जात नाही, आणि रिक्षावाल्यानंही त्याबद्दल तक्रार केली नाही. स्टँडवर उतरले, तर समोर काळ्या दगडाची पाणपोई. अजून उभी आहे. उभी आहे म्हणजे पडलेली नाही, एवढंच. तीन नळांच्या जागी तीन भोकं आहेत आणि त्यांत कुणीतरी कागदाचे बोळे कोंबलेत. ओट्यावर एक बाई मोबाईलची कव्हरं मांडून बसली होती. तिच्या डोक्यामागे संगमरवरी फरशी होती, तिच्यावरची 'मातोश्रींच्या स्मरणार्थ' एवढीच अक्षरं वाचता येत होती.

"ही पाणपोई कुणी बांधली, माहितीये का?" मी विचारलं.

"नगरपालिकेनं बांधली असंल की."

"बर्जोरशेटनी बांधली. पारशी होते."

"पारशी म्हंजी?"

मला रागच आला. मग वाटलं, हिच्यावर कशाला चिडायचं? माझ्या लहानपणी इथे पारशांची पाच घरं होती, आज दिवा लावायलाही कुणी नाही. जे तिनं पाहिलंच नाही, ते तिला कुठून ठाऊक असणार? उन्हाचा कडाका होता, साखरपुड्याला अजून तासभर अवकाश होता. मी तिच्या शेजारी ओट्यावर बूड टेकलं.

आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, बर्जोरशेटच्या सोडा कारखान्यात होते. कारखाना भिंगारच्या रस्त्याला. कारखाना म्हणायचं ते कौतुकानं. एक लांबट पत्र्याची शेड, तिच्यात खडखडणारं यंत्र, पुढे मोठं आवार, आवारात दोन कडुलिंब आणि मधोमध विहीर. आवाराच्या टोकाला शेटचा बंगला, मागच्या अंगाला कामगारांच्या सहा खोल्या. त्यातली चौथी आमची. मी झोपेतून उठायचे ती बाटल्यांच्या आवाजानं. गोटीसोड्याच्या बाटल्या विसळताना आतली गोटी काचेवर टणटण वाजायची, आणि शंभरेक बाटल्या एकदम विसळल्या जात असल्या की आईची हाक ऐकू यायची नाही. आवाजाची ही सोय मला फार आवडायची.

वासही तिथले वेगळे होते. सकाळी आलं आणि लिंबाच्या अर्काचा. दुपारी ओल्या गोणपाटाचा. संध्याकाळी मात्र सगळ्या वासांवर मात करून लोबान यायचा. बर्जोरशेट चांदीच्या भांड्यात निखारे घेऊन त्यावर लोबान टाकत बंगल्याच्या खोल्याखोल्यांतून फिरत, मग पायऱ्या उतरून आवारात येत, यंत्राला धूर दाखवत, कडुलिंबांना दाखवत आणि शेवटी विहिरीपाशी जाऊन उभे राहत. उंच, वाकलेला माणूस. डोक्याला काळी मखमली टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. धूर आमच्याकडे आला की आम्ही पोरं तो ओंजळीत धरून तोंडावरून फिरवायचो. तो देवाचा आहे एवढं कळत होतं, कुणाच्या देवाचा याची चौकशी आम्ही केली नाही.

शेट देवमाणूस होते, असं लिहायला हात शिवशिवतो. पण ते खोटं होईल. माणूस भलता तापट. शिवी दिल्याशिवाय त्यांना कुणाशी ओळख झाल्यासारखं वाटत नसे. सकाळी पहिल्या बाटलीचा सोडा स्वतः प्यायचे, डोळे मिटून ढेकरेची वाट बघायचे. ढेकर चांगली आली तर दिवस चांगला. नाही आली, तर तात्यांचं नाव निघायचं.

"किसन! साला, हे सोडा हाय का नदीचा पानी?"

"नदीला कुठं पानी हाय, शेटजी?" तात्या शांतपणे म्हणायचे. "असतं तर तेच इकलं असतं तुमी."

मग शेटना हसू यायचं. तीस वर्षं या दोघांची रोज सकाळी ही कटकट चालली होती. एखाद्या दिवशी तात्या तापानं पडले, की शेटची ढेकर हमखास अडकायची.

दोन गोष्टींपुढे मात्र शेटकडे हसणं नव्हतं. एक विस्तव आणि दुसरं पाणी. काडी फुंकून विझवायची नाही. तोंडाची घाण आगीला लावायची नाही. विहिरीपासून दहा हातांवर चपला काढायच्या. काठावर थुंकणं नाही, चूळ भरणं नाही. वर्षातून एक दिवस विहिरीचा असायचा. शेटच्या बायको गुलबाई पहाटेपासून खपून जाडजूड गोड पोळ्या करायच्या. आत तुरीच्या डाळीचं पुरण, जायफळ-वेलची आणि तूप असं, की बोटं चाटत बसावं. त्यातला पहिला तुकडा विहिरीत. मग नारळ, साखर, फुलं. मग आम्ही.

"पान्याला पुरनपोळी," आई म्हणायची, "आन् आमच्या मान्साला चटनी-भाकर. पर बाई, रीत चांगली हाय."

आई पाथर्डीच्या पलीकडची, कोरड्या मुलखातली. पाणी तिच्या लेखी देवच. तिनं एकदा कुणाला न विचारता विहिरीच्या काठाला सात दगड मांडले, त्यांना शेंदूर फासला. साती आसरा. पाण्यातल्या सात बायका, विहिरीवर त्यांना मान द्यावा लागतो, नाही दिला तर त्या कोपतात. सकाळी शेटनी ते दगड पाहिले आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं ओरडले. आई पदर डोक्यावर ओढून पुढे झाली.

"म्याच मांडल्यात. पान्यातल्या आसरा हायेत त्या."

"किती?"

"सात."

शेटनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "आमच्याकडे पाण्याची देवी एकच हाय. तुझ्या सात. मग तुझीच बाजू भारी झाली." जाता जाता वळून म्हणाले, "पन शेंदूर पाण्यात पडता कामा नाय. पडला तर सातही उचलून फेकीन." शेंदूर कधी पाण्यात पडला नाही. आई तो बोटाच्या टोकानंच लावायची.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याच्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ सांगितलंय. मला आठवते ती रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी, घशात अडकणारी; सुकडीचा गोडसर वास; आणि एका सकाळी बाटल्यांचा आवाज आला नाही म्हणून जाग आली ती. शेटनी यंत्र बंद केलं होतं. "सोडा पिऊन तहान भागत नाय," एवढंच ते म्हणाले आणि आवाराचं फाटक उघडलं. त्यांच्या विहिरीला पाणी होतं. सगळ्या भागात तेवढ्याच एका विहिरीला होतं. कामगार एकही कमी केला नाही, सगळ्यांना रहाटाला लावलं.

रांग फाटकाबाहेर थेट रस्त्यापर्यंत जायची. शेट काठाशी खुर्ची टाकून बसायचे, हातात काठी. जो लांबून आला त्याला आधी पाणी, हा कायदा. एकदा कुणीतरी पुढे होऊन हळूच सुचवलं, की अमक्या वस्तीच्या लोकांची रांग वेगळी असलेली बरी. शेट खुर्चीतून उठले.

"मी पारशी. तू माझ्या विहिरीचं पाणी पिते. तू बाटला नाय, तर तो कसा बाटवते तुला? जा, रांगेच्या शेवटी उभा राहा. आज तुझं घर सगळ्यात जवळ हाय."

त्या माणसाचं घर भिंगारच्या पार पलीकडे होतं. पण गेला बिचारा शेवटी.

त्याच सुमाराला आईच्या माहेराहून निरोप आला, गावची विहीर आटली, माणसं गाव सोडायला निघाली. आई रडत बसली होती, ते गुलबाईंनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी शेटनी तात्यांना बोलावलं. सुरुंगवाले, दगड वर ओढायची यारी, दोर, पहारी असं सगळं एका ट्रकात भरलं आणि तात्यांना वर बसवलं.

"खोल ने. पाणी लागते तोपर्यंत खोल ने. आन् लागला की तू सोता येऊन सांग मला. चिठ्ठी नको, माणूस नको. तुझं तोंड बघितलं की मला समजते."

"आन् न्हाई लागलं तर?"

"तर तुझं तोंड मला बघायचं नाय." हसले. तात्याही हसले. त्या दोघांची ती शेवटची भेट.

वैशाखात बर्जोरशेट गेले. कशानं गेले ते आम्हा पोरांना कुणी सांगितलं नाही. दुपारी बंगल्यात धावपळ झाली, संध्याकाळी आम्हाला रांगेनं आत नेलं. टोपीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. केस पांढरेशुभ्र होते, कापसासारखे मऊ दिसत होते. त्यांना हात लावावासा वाटला, पण लावला नाही. आमच्यानंतर बाटल्या धुणाऱ्या बायका गेल्या, रहाटावरचे गडी गेले, रांगेतली कितीतरी माणसं जाऊन आली. सगळ्यांनी तोंड पाहिलं. तात्या मात्र तिकडे पाथर्डीपलीकडे होते, आणि त्यांना कळवायला तिथे तारही पोचत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक फाटकाशी थांबला आणि तात्या उडी मारून उतरले. अंगभर पांढरी धूळ, हातात गोटीसोड्याची बाटली, तिच्यात गढूळ पिवळं पाणी. आदल्या दिवशी पाणी लागलं होतं. चेहऱ्यावर असं हसू, की मला पुढे होऊन सांगवेना. ते तसेच बंगल्याच्या पायऱ्या चढायला लागले, आणि मग त्यांना बाहेर मांडलेली बाकं दिसली, पांढऱ्या डगल्यातली माणसं दिसली.

दारात जालभाई होते. गुलबाईंचे धाकटे भाऊ, पुण्याहून आलेले, कडक माणूस. नगरच्या कुणालाच ते ओळखत नव्हते. त्यांनी हात आडवा केला.

"आंघोळ घालून झाली त्यांची. आता परक्यानं बघायचं नाय. आमची रीत हाय."

"मी किसन, साहेब. कारखान्यातला. तोंड बघतो निस्तं. उंबऱ्यातून बघतो."

"नाय. आन् ते काय हातात? पाणी? पाणी घेऊन येते मुडद्याजवळ? पाणी आमच्यात पाक वस्तू, मुडद्याची सावली पन पडता नये त्यावर. लांब जा."

तात्या दोन पायऱ्या खाली आले आणि तिथेच उभे राहिले. मी त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले. तेवढ्यात बंगल्यातल्या कुत्र्याला साखळीनं आत नेलं. तीही त्यांची रीत, कुत्र्याला मयताचं तोंड दाखवायचं. आमच्यासमोरून कुत्रं आत गेलं, तोंड पाहून परत आलं. माझ्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. कुत्र्याला चालतं आणि माझ्या बापाला नाही! मी जाऊन आईला तसं म्हटलं.

"गप," आई म्हणाली. "आपल्यात कावळा न्हाई का शिवावा लागत? तवा पोटचा पोरगा लांब हुभा ऱ्हातो आन् कावळ्याची वाट बघतो. ज्याची त्याची रीत आसती." पण बोलताना तिची मान खाली होती. तात्यांना ज्या गावानं अडकवलं ते तिचं माहेर होतं.

थोड्या वेळानं गुलबाई दारात आल्या. पांढरी साडी, डोळे कोरडे. तात्यांच्या हातातल्या बाटलीकडे त्यांचं लक्ष गेलं.

"लागला, किसन?"

"लागलं, बाईसाहेब. बावीस हातांवर लागलं."

त्या आत वळल्या. बाटली त्यांनी घेतली नाही, पण आतून त्यांचा आवाज आम्ही स्पष्ट ऐकला. "बर्जोर, पाणी लाग्युं." जागत्या माणसाशी बोलावं तसं. तात्यांनी मग बाटलीतलं पाणी कडुलिंबाच्या मुळाशी ओतलं आणि तिथेच बसून ढसाढसा रडले. सांगायचं होतं ते पोचलं. पण तोंड राहिलं ते राहिलंच. आमच्यात तोंड बघणं राहिलं की जन्माची टोचणी लागते, तात्यांच्या चेहऱ्यावर ती तेव्हाच दिसायला लागली होती.

ऊन चढल्यावर त्यांना न्यायचं ठरलं. भिंगारच्या पलीकडे पारशांची दफनाची जागा होती, मैलभर चालायचं. त्या रस्त्यावर दुष्काळी काम सुरू होतं; शंभरेक बायका खडी फोडत होत्या, आणि त्यांतली एकूणएक बर्जोरशेटच्या विहिरीवर पाण्याला येणारी. आई मला घेऊन त्यांच्यात जाऊन उभी राहिली. तिथे जे झालं, ते आईच्या डोक्यातून निघालं. मोठं माणूस वाटेनं जाणार, त्याच्यापुढे सडा टाकावा. साधी गोष्ट. बायकांनी आपापले हंडे उचलले. दिवसभर पुरवायचं पाणी होतं ते, त्यावर मुलं सांभाळायची होती. तरी एकीनं हात आखडला नाही. त्या धुळकट रस्त्यावर फर्लांगभर पाण्याचा सडा पडला. मातीचा वास उठला आणि मला भरूनच आलं.

वळणावरून ते येताना दिसले. पुढे लोखंडी तिरडी, पुण्याहून आलेले चार खांदेकरी. मागे पारशी पुरुष, पांढऱ्या कपड्यांत, दोघादोघांच्या जोड्या. प्रत्येक जोडीत एक पांढरा रुमाल, एक टोक एकाच्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या. मयतामागे एकट्यानं चालायचं नाही, अशी त्यांची रीत. मोजून पाच जोड्या. मग बरंच अंतर सोडून बाकीचं नगर, आणि त्यात कुठेतरी तात्या.

ओल्या रस्त्यापाशी खांदेकरी थबकले. शेवटच्या जोडीतून जालभाईंनी हात वर केला.

"हे काय केला? पाण्यावरून मुडदा नेणार आम्ही? कोणी केला हे?"

बायका बावचळल्या. एक म्हातारी पुढे होऊन म्हणाली, "चांगलं पानी हाय, साहेब. त्यांच्याच हिरीचं हाय."

आईला सगळं एका क्षणात उमगलं. सकाळचे ते पायऱ्यांवरचे शब्द मीच तिला सांगितले होते. ज्या माणसानं जन्मभर पाण्यात शेंदराचा थेंब पडू दिला नाही, त्याच्याच पायाखाली तिनं पाणी ओतलं होतं. ती खाली बसली, रस्त्याच्या कडेची कोरडी माती ओंजळीत घेतली आणि ओल्यावर टाकायला लागली. तिचं बघून दुसरी बसली, तिसरी बसली. मग शंभर बायका माती लोटत होत्या. वरून वैशाखाचं ऊन, मधे ती तिरडी.

त्या उभ्या राहण्यात होमीकाकांना घेरी आली. घड्याळं दुरुस्त करणारे होमीकाका ऐंशीच्या घरातले, जालभाईंच्या जोडीला होते. त्यांना दोघांनी धरून रस्त्याकडेच्या एका कडुलिंबाखाली नेऊन बसवलं. पुढे चालणं त्यांना शक्यच नव्हतं. रस्ता वाळला. खांदेकऱ्यांनी पाऊल उचललं. पुढच्या चार जोड्या निघाल्या आणि जालभाई एकटे उरले. हातात रुमाल, त्याचं दुसरं टोक खाली लोंबतंय. एकट्यानं चालायचं नाही, आणि नगरात अकरावा पारशी पुरुष नव्हता.

जालभाईंनी मागे वळून पाहिलं. इतकी माणसं, पण त्यांच्या ओळखीचं कोण? एकाशीच काय ते चार शब्द झाले होते.

"ए, तू. सकाळवाला. इकडे ये."

तात्यांना आधी कळेना. लोकांनी त्यांना पुढे ढकललं. धुळीचा सदरा, डोळे सुजलेले. ते जवळ आले, हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले. जालभाईंनी रुमालाचं टोक पुढे केलं.

"सोडायचा नाय. आन् बोलायचा नाय."

तात्यांनी टोक धरलं. आमच्यासमोरून गेले तेव्हा त्यांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नजर तिरडीवर होती, आणि मधला रुमाल ताणलेला होता. मी मागोमाग गेले. दफनाच्या जागेच्या फाटकाशी बाकीच्या जोड्या आत गेल्या. जालभाई घुटमळले; परक्याला आत नेता येत नव्हतं, काय करावं ते त्यांनाही सुचेना. तात्यांनीच रुमालाचं टोक त्यांच्या हातात दिलं, आतल्या बाजूला तोंड करून हात जोडले आणि माघारी फिरले.

हे सगळं मी ओट्यावरच्या त्या बाईला सांगितलं. तिनं मधे दोन गिऱ्हाइकं केली, पण ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आन् मग तोंड? त्यांनी तोंड बघितलंच न्हाई?"

आईनंही तेच विचारलं होतं. तात्या घरी आले, दाराशी उभे राहिले. मयताहून आलेल्या माणसाच्या पायावर पाणी घालायचं असतं, आणि आईचा हंडा तर रस्त्यावर रिकामा झालेला. ती शेजारणीकडून तांब्या मागून आणायला गेली. आणून तात्यांच्या पायांवर बेताबेतानं ओतला. मग मान वर न करता विचारलं,

"तोंड दिसलं का हो?"

"न्हाई," तात्या म्हणाले. थोडा वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. "पर घरच्यांत चाललो."